मध्यरात्री रडत उठणारे मूल

दिवसभर हसतेखेळते, घरभर दुडदुडणारे दीड-दोन वर्षांचे मूल रात्री एक-दोनच्या सुमारास एकाएकी रडत उठते. आई त्याला जवळ घेते, थोपटते, पाणी पाजू पाहते. पण ते हात झिडकारते, अंग ताठ करते आणि अधिकच मोठ्याने रडू लागते. शेजारच्या खोलीत सासरे कूस बदलतात, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात दिवा लागतो आणि सकाळी लवकर कामावर जावयाचे असलेल्या गृहस्थांचा आवाज चढू लागतो. अर्ध्या तासाने मूल आपले आपण शांत होऊन निजते. आईची झोप मात्र उडालेली असते. असा प्रसंग कधीच आला नाही असे घर विरळा. या बाबतीत घरोघरी मातीच्याच चुली आहेत.

या विषयावरील पत्रे आमच्याकडे महाराष्ट्रातून येतात, तशीच ती इंदूर-बडोद्याहून, हैदराबादहून आणि दूर बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडूनही येतात. अलीकडे आलेल्या एका पत्रात एक भगिनी लिहितात, की त्यांच्या पतीची बदली खरगपूरला झाली. पावणेदोन वर्षांचा मुलगा साताऱ्यास असताना आजीच्या कुशीत निजत असे. नव्या जागी आल्यापासून गेले दोन महिने तो रात्रीतून तीन-तीनदा रडत उठतो. "कोणी म्हणते, दृष्ट लागली आहे. कोणी म्हणते, लाडावला आहे, चार दिवस रडू द्या, म्हणजे खोड मोडेल. शेजारच्या एका बाईंनी सर्दीचे औषध चमचाभर पाजा, गाढ झोपेल, असे सुचविले. मी यांपैकी कोणाचे ऐकावे?"

असाच प्रश्न कित्येक मातांना पडलेला असेल, म्हणून त्याचा येथे सविस्तर विचार करू. मुळात एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. रात्रीचे रडणे कानांना एकसारखेच ऐकू येत असले तरी त्याची कारणे एकसारखी नसतात. एका कारणास लागू पडणारा उपाय दुसऱ्या कारणात निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरतो. तेव्हा आधी कारण ओळखावे आणि मग उपाय करावा. आणि तो उपाय बहुधा रात्री दोन वाजता नव्हे, तर संध्याकाळी सात वाजताच सुरू करावा लागतो.

झोप सलग नसते

आपण रात्रभर एका संथ झोपेत असतो असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन या संशोधकांनी असे दाखवून दिले, की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात आणि स्वप्ने बहुधा त्याच काळात पडतात. ॲसेरिन्स्की यांनी त्यासाठी आपल्या लहान मुलाच्याही झोपेचे आलेख काढले होते. तेव्हापासून झोपेच्या अभ्यासास नवी दिशा मिळाली. गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप असा फेरा रात्रभर चालू असतो. प्रौढ माणसात एका फेऱ्यास सुमारे दीड तास लागतो. लहान मुलांत तो याहून आखूड, सुमारे तासाभराचा असतो. एक फेरा संपून दुसरा सुरू होताना झोप इतकी पातळ होते, की क्षणभर जागही येते.

याचा अर्थ असा, की प्रत्येक मूल रात्रीतून अनेकदा अर्धवट जागे होते. जे मूल "रात्रभर निजते" असे आपण कौतुकाने सांगतो, तेही उठते. पण कूस बदलून, अंगठा चोखून पुन्हा निजते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून खरा प्रश्न "माझे मूल उठते का?" हा नसून "उठल्यावर त्याला पुन्हा निजता का येत नाही?" हा आहे.

आधी शरीराकडे पाहा

पूर्वी शांत निजणारे मूल एकाएकी रडत उठू लागले, तर पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. सर्दीनंतर कान ठणकू लागला, की मूल आडवे होताच रडते. कारण आडवे झाल्यावर कानाच्या पडद्यामागचा दाब वाढतो. दिवसा बसते-उठते असताना तेच मूल बरे दिसते, त्यामुळे आईबापांची फसगत होते. नाक चोंदलेले असेल, खरूज किंवा घामोळ्यांनी अंगाची आग होत असेल, दुपटे ओले झाले असेल, तर मूल आपली तक्रार रडण्यानेच सांगणार. जे मूल रोज मोठ्याने घोरते, तोंड उघडे टाकून निजते, मध्येच श्वास अडल्यासारखे होऊन दचकते, त्याच्या नाकामागच्या गाठी वा टॉन्सिल वाढलेले असण्याचा संभव असतो. ते डॉक्टरांना दाखवावे.

जंत हेही एक नेहमीचे कारण आहे. सुतासारख्या बारीक, पांढऱ्या जंतांची मादी रात्रीच्या वेळी गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. त्या जागी खाज सुटते आणि मूल चुळबुळ करीत रडत उठते. अशा वेळी दिवा घेऊन पाहिल्यास हे जंत डोळ्यांनी दिसू शकतात. २०१५ साली सुरू झालेला राष्ट्रीय जंतनाशक दिन देशभर पाळला जातो आणि एक वर्षावरील मुलांना अंगणवाडीत व शाळेत गोळी दिली जाते. ती चुकवू नये. मात्र हे सुती जंत आढळले तर डॉक्टरांना विचारून घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे, नखे बारीक कापावीत आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुवावे. नाही तर एकाचे जंत दुसऱ्याकडे फिरत राहतात.

रक्तातील लोह कमी पडले तरी मुलाची झोप अस्वस्थ होते. ते रात्रभर पाय झाडीत राहते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा फिकट दिसणाऱ्या, चिडचिड्या, अन्नापेक्षा दुधावरच अधिक राहणाऱ्या मुलाचे रक्त तपासून घेणे हिताचे.

दातांकडे मात्र वाजवीपेक्षा अधिक दोष जातो. दात येताना हिरड्या ठणकतात, लाळ गळते, एखाद-दुसरी रात्र वाईट जाते हे खरे. परंतु मोठा ताप, हगवण किंवा आठवडेच्या आठवडे चालणारे रडणे दातांच्या नावावर घालून स्वस्थ बसू नये.

काही प्रसंगी मात्र सकाळची वाट पाहण्यातही धोका असतो. मूल थांबून थांबून, कळ आल्यासारखे रडत असेल, दर खेपेस पाय पोटाशी घेत असेल, त्याला वांत्या होत असतील किंवा शौचावाटे रक्त पडत असेल, तर आतड्यात आतडे शिरल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप असून मूल ग्लानीत जात असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, एका बाजूचा हातपाय ठरावीक लयीत झटके देत असेल, तरी तसेच करावे.

खेड्यापाड्यांत, विशेषतः पावसाळ्यात, जमिनीवर निजलेले मूल एकदम किंचाळून उठले तर प्रथम दिवा लावून अंथरूण झाडून पाहावे. कोकणात विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा त्यावर उपयोग होतो असे दाखवून दिल्यापासून अनेकांचे प्राण वाचले. या कार्याबद्दल २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटणे, हातपाय थंड पडणे, वांत्या होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. मण्यार हा साप तर रात्रीच, निजलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पोटात दुखते आणि पुढे पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा वेळी मांत्रिकाकडे दवडलेला एक तासही महाग पडतो. खाटेवर किंवा कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीत निजल्याने डासांपासून जसे रक्षण होते, तसेच या जीवांपासूनही होते.

जागे होण्याचे तीन प्रकार

दुखणे नाही अशी खात्री झाली, म्हणजे मग रडण्याचा प्रकार पाहावा. तो साधारणपणे तीनपैकी एक असतो.

पहिला प्रकार सवयीचा. झोपेचा फेरा संपताना मूल जागे होते आणि ज्या परिस्थितीत त्याचा डोळा लागला होता, ती परिस्थिती शोधू लागते. ते आईच्या मांडीवर निजले होते. आता मांडी नाही. झोका चालू होता. आता झोळी स्थिर आहे. तोंडात दुधाची बाटली होती; ती आता नाही. उशीवर डोके ठेवून निजलेला प्रौढ माणूस मध्यरात्री अंगणात जागा झाला, तर तोही घाबरून ओरडेल; मुलाचे याहून निराळे काय होते? हे रडणे हट्टाचे नव्हे. हरवलेली गोष्ट परत मागण्याचे ते रडणे असते. ती मिळताच मूल लगेच शांत होते, हीच या प्रकाराची खूण.

दुसरा प्रकार दुःस्वप्नाचा. ही स्वप्ने बहुधा उत्तररात्री, पहाटेच्या सुमारास पडतात, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते. मूल पूर्ण जागे होते, आईला ओळखते, तिला घट्ट बिलगते आणि बोलता येत असेल तर "भूभू आला" असे काहीबाही सांगते. अशा वेळी "काही नाही, नीज मुकाट्याने" असे दटावू नये. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला स्वप्न आणि सत्य यांतील भेद कळत नसतो. त्याचा भूभू त्याला खरोखरच दिसलेला असतो. त्याला जवळ घ्यावे, आपण येथेच आहोत असे हलक्या आवाजात सांगावे, मंद दिवा लावून खोली दाखवावी. दिवसा मात्र त्याला कोणी भीती घालीत नाही ना, याचा शोध घ्यावा.

तिसरा प्रकार निद्राभयाचा. आईबापांना सर्वांत अधिक घाबरविणारा, पण वस्तुतः बहुधा निरुपद्रवी असा हा प्रकार आहे. निजल्यापासून एक ते तीन तासांच्या आत, गाढ झोपेतूनच मूल किंचाळून उठून बसते. त्याचे डोळे सताड उघडे असतात, छाती धडधडत असते, अंगाला घाम सुटलेला असतो. पण ते आईला ओळखत नाही, जवळ घेऊ गेल्यास लाथा झाडते. "बाहेरची बाधा" झाल्याचा समज रूढ झाला, तो बहुधा अशाच देखाव्यांमुळे. प्रत्यक्षात मूल जागे झालेलेच नसते. मेंदूचा काही भाग निजलेला आणि काही जागा, अशी ती अवस्था असते. काही मिनिटांनी ते आपोआप शांत होते आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. घरात आईला वा वडिलांना लहानपणी झोपेत चालण्याची किंवा बडबडण्याची सवय असली, तर मुलात हा प्रकार अधिक आढळतो. मूल फार दमलेले असणे, त्याची झोप अपुरी होणे किंवा त्याला ताप असणे यांनीही तो बळावतो.

अशा वेळी मुलाला गदगदा हलवून किंवा तोंडावर पाणी मारून जागे करू नये. त्याने गोंधळ वाढतो. ते पडणार नाही, त्याला लागणार नाही, एवढे पाहून शेजारी बसून राहावे. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे त्याची गोष्ट करून सांगू नये. रोज ठरावीक वेळीच असे होत असेल, तर त्या वेळेच्या पाव-अर्धा तास आधी मुलाला हलकेच चाळवून पुन्हा निजवावे, असे काही आठवडे केल्याने गुण येतो. वय वाढते तसा हा प्रकार बहुतेक मुलांत नाहीसा होतो.

घरातील वडीलधाऱ्यांना दृष्ट काढावीशी वाटली, तर त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. मीठमोहऱ्या ओवाळणारा आजीचा हात मायेचाच असतो. मात्र ताप मोजणे आणि डॉक्टरांकडे जाणे दृष्ट काढण्यावाचून अडता कामा नये, एवढी दक्षता घ्यावी.

रात्रीचा उपाय संध्याकाळी

पहिल्या प्रकारचे, म्हणजे सवयीचे रडणे सर्वांत अधिक आढळते. आणि सुदैवाने ते सुधारणेही आपल्याच हाती असते. मूल सुरुवातीस ज्या रीतीने निजते, त्याच रीतीने ते मध्यरात्रीही निजू पाहते. म्हणून सुरुवातीची रीतच अशी असावी, की तीत मुलाला थोडेबहुत आपले आपण निजता यावे.

त्यासाठी प्रथम वेळ ठरवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत वडील कामावरून परतेपर्यंत मुलाला जागे ठेवण्याची प्रथा पडली आहे. मूल जितके अधिक दमेल तितके गाढ निजेल, हा समज चुकीचा आहे. अति दमलेले मूल चिडते, उशिरा निजते आणि रात्री अधिक वेळा उठते. दुपारची झोप मोडू नये, पण ती संध्याकाळपर्यंत लांबूही देऊ नये.

निजण्यापूर्वीचा अर्धा तास रोज एकाच क्रमाने जावा. मऊ भात किंवा खिचडीचे जेवण थोडे आधी आटोपलेले असावे. मग कोमट पाण्याने हातपाय धुणे, दात पुसणे, सैल सुती कपडे घालणे, घरातील दिवे मंद करणे, एखादी छोटीशी गोष्ट वा अंगाई, आणि मग अंथरूण. या क्रमात विशेष असे काही नाही. त्याचा सारा गुण रोजच्या सारखेपणात आहे. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला हा क्रमच वेळ सांगतो. या वेळी दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंदच असावेत. झोप आणणारे एक द्रव्य आपल्या मेंदूतून अंधार पडल्यावर पाझरू लागते आणि डोळ्यांवर पडणारा प्रकाश त्यास अडवितो. दोन वर्षांखालील मुलाला तर कोणत्याही वेळी असा पडदा दाखवू नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता निजविण्याची रीत. जे मूल मांडीवर हलविल्याशिवाय निजत नाही, त्याची ती सवय एका रात्रीत तोडू नये, पायरीपायरीने सोडवावी. पहिले चार-पाच दिवस, पेंग येऊ लागताच पण डोळा लागण्यापूर्वी, त्याला अंथरुणावर ठेवून थोपटावे. पुढचे चार-पाच दिवस थोपटणे मंदावीत न्यावे आणि नुसता हात त्याच्या अंगावर ठेवावा. मग हात काढून शेजारी बसावे. पुढे थोडे दूर बसावे. मध्यरात्री ते उठले, की त्या दिवशीच्या पायरीनेच त्याला निजवावे. दिवा मोठा करू नये, खेळणे काढू नये, गप्पा करू नयेत. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांत फरक दिसू लागतो. मध्ये ताप-सर्दी आली तर सारे बाजूला ठेवून मुलाला जवळ घ्यावे आणि बरे वाटल्यावर पुन्हा आरंभ करावा.

दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला निजवू नये; त्याने दात किडतात. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजणे हितकारक आहे. परंतु वर्षावरील, पोटभर जेवणारे, वजन वाढत असलेले मूल रात्रीतून चार वेळा उठते ते भुकेनेच असे नव्हे. अशा वेळी निजण्यापूर्वी थोडे आधी पाजून मग अंथरुणावर ठेवावे, म्हणजे पिणे आणि निजणे यांची गाठ हळूहळू सुटते. मूल अशक्त असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून रात्रीचे पाजणे बंद करू नये.

"चार दिवस रडू द्या" या सल्ल्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बॉस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली आपल्या ग्रंथात मुलाकडे थोड्या थोड्या वाढत्या अंतराने जाण्याची पद्धत सांगितली. पुष्कळांनी तिचा अर्थ "मुळीच जाऊ नये" असा केला, तो बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातील काही कुटुंबांना अशा पायरीपायरीच्या पद्धती शिकवून त्यांची मुले सहा वर्षांची होईपर्यंत पाहणी केली गेली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्या पद्धतींनी मुलांच्या मनावर वा आईशी असलेल्या नात्यावर कायमचा वाईट परिणाम झाला नव्हता. कायमचा फायदाही दिसला नव्हता. तेव्हा मुलाने दोन मिनिटे कुरकुर केली म्हणून आईने अपराधी वाटून घेऊ नये. परंतु आपल्या बहुतेक घरांत मूल आईच्या शेजारीच निजते. तेथे त्याला एकटे रडत ठेवणे शक्यही नाही आणि त्याची गरजही नाही. शेजारी असूनही न हलविता, न पाजता त्याला धीर देता येतो, हीच आपल्या घरांना मानवणारी रीत होय.

आजीची गोधडी

सुरुवातीस उल्लेखिलेल्या भगिनींच्या मुलाचे दुःख मात्र केवळ सवयीचे नाही. आईवडिलांची बदली झाली. त्याची तर आजी गेली, अंगण गेले, ओळखीचे आवाज गेले. साधारणपणे आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलाला आपल्या माणसाच्या वियोगाची भीती वाटू लागते आणि दुसऱ्या वर्षात ती चांगलीच प्रखर असते. दिवसा खेळण्याच्या नादात ती झाकली जाते. रात्री अंधारात वर येते. नवे भावंड येणे, आईने नोकरीस जाऊ लागणे, पाळणाघर बदलणे अशा प्रसंगीही हेच घडते.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली असे प्रतिपादिले, की मूल ज्या मळक्या चिंधीला वा पांघरुणाला उराशी धरून निजते, ती त्याच्या दृष्टीने साधी वस्तू नसते. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला तो पूल असतो. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांनी असे काही वाचलेले नव्हते. पण त्या मऊ गोधडीला येणारा ओळखीचा वास मुलाला किती धीर देतो, हे त्या जाणत होत्या. त्या भगिनींनी साताऱ्याहून आजीच्या वापरातील गोधडी अवश्य मागवून घ्यावी आणि वर्ष उलटून गेलेले असल्याने ती निःशंकपणे मुलाजवळ द्यावी. वर्षाच्या आतील तान्ह्या मुलाजवळ मात्र मऊ पांघरुणे व उशा ठेवू नयेत. श्वास कोंडण्याचे भय असते. दिवसा दूरध्वनीवरून आजीचा आवाज त्याला ऐकवावा. दिवसा अर्धा तास तरी केवळ त्याच्याशी खेळण्यात घालवावा. बाहेर जाताना त्याची नजर चुकवून निसटू नये; "मी जाते, येते" असे सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे यावे. गेलेले माणूस परत येते, हा विश्वास दिवसा बसला की तो रात्रीही उपयोगी पडतो.

धाक आणि औषध

रात्रीच्या त्रासाने वैतागून मुलाला बागुलबुवाची, पोलिसाची भीती घालणारे किंवा चापट मारणारे आईबाप थोडे नाहीत. भीतीने मूल गप्प होते हे खरे. पण गप्प झालेले मूल निजलेलेच असते असे नाही. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी मुलांना मार आणि धाक यांपासून मुक्त करण्यासाठी जे अविरत प्रयत्न केले, त्यांची आठवण येथे ठेवावी.

याहूनही घातक म्हणजे औषध पाजून निजविणे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तान्ह्या मुलांना "बाळगोळी" देऊन कामावर जात. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही, दूध पीत नसे, वाळत जाई. दिवसाचे दहा-अकरा तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या त्या मातांपुढे दुसरा मार्गच नव्हता. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण आज सर्दीखोकल्याचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी पाजणे, हे त्याच बाळगोळीचे नवे रूप होय. अशा औषधाने लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो; काही मुले तर उलट अधिकच चेकाळतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे सर्दीवरील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. मध्य प्रदेशात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असे कळविले. तेव्हा शेजारणीचा तो सल्ला, कितीही सद्भावनेने दिलेला असो, मानू नये.

आईचीही झोप

शेवटी, ज्या व्यक्तीचा या विषयात बहुधा कोणी विचार करीत नाही, तिच्याविषयी. महिनोन्महिने तुटक झोप मिळालेली आई चिडते, रडते, स्वयंपाकात चुका करते आणि "मी वाईट आई आहे" असे मनाशी म्हणू लागते. हा स्वभावदोष नसून थकवा असतो. तो फार वाढला, काहीच गोड वाटेनासे झाले, जीव नकोसा वाटू लागला, तर तेही दुखणेच समजून डॉक्टरांना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

यावर पहिला उपाय घरातच आहे. रात्र वाटून घ्यावी. मध्यरात्रीपर्यंत वडिलांनी उठावे, पुढे आईने. किंवा एक रात्र एकाने, दुसरी दुसऱ्याने. "मला सकाळी कामावर जायचे आहे" ही सबब पुरेशी नाही. आईलाही सकाळी कामच असते, मग ते घरातले असो वा कचेरीतले. निजविण्याची जी रीत ठरेल ती दोघांनी, आणि आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनीही, सारखीच पाळावी. एकाने थोपटावे आणि दुसऱ्याने उचलून फिरवावे, असे झाले तर मूल बिचारे गोंधळून जाते. पहिल्या दिवशीच शेजाऱ्यांना "दोन-तीन आठवडे थोडा त्रास होईल" असे सांगून ठेवावे. बहुतेक शेजारी समजून घेतात. त्यांच्याही घरी मुले वाढलेली असतात.

एक लहानशी वही उशाशी ठेवावी. मूल किती वाजता निजले, किती वाजता उठले, कशाने शांत झाले, एवढेच तीत रोज टिपावे. दहा-बारा दिवसांत रडण्याचा प्रकार बहुधा त्या वहीतूनच कळून येईल, आणि डॉक्टरांकडे जावे लागलेच तर त्यांनाही तिचा उपयोग होईल. तीन आठवडे नेटाने प्रयत्न करूनही फरक पडला नाही, मुलाचे वजन वाढेनासे झाले किंवा दिवसाही ते मलूल राहू लागले, तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी.